दातवण, टूथपेस्ट आणि दोहोंमधली साखर

धागा

१/
दर काही महिन्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरून येते. डावीकडे कडुनिंबाची काडी, उजवीकडे टूथपेस्टची नळी आणि खाली मजकूर : आपले पूर्वज दातवण करीत, म्हणून मरेपर्यंत त्यांचे बत्तीसही दात शाबूत असत; इंग्रज टूथपेस्ट घेऊन आले आणि आपले दात किडले. लोक ते अभिमानाने पुढे पाठवतात. या चित्रात साधन आहे, शत्रू आहे, गतवैभव आहे. अन्न मात्र कुठेच नाही. दात ज्या कामासाठी असतात, ते कामच त्यातून गळाले आहे.

२/
या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे : दात राहतात की जातात, हे मुख्यतः समाज काय खातो, दिवसातून किती वेळा खातो आणि बाळपणी त्याला काय मिळाले नाही, यावर ठरत आले आहे. घासण्याचे साधन दुय्यम आहे. काडी विरुद्ध ब्रश हा वाद म्हणूनच निरुपयोगी आहे, आणि निरुपद्रवीही नाही. तो वाद रंगला की खऱ्या आरोपीकडे कोणी पाहत नाही. आधी पूर्वजांच्या निरोगी दातांची दंतकथा तपासू.

३/
पहिला साक्षीदार परंपरेतलाच. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांत दंतमुळांचे म्हणजे हिरड्यांचे १५ आणि प्रत्यक्ष दातांचे ८ रोग मोजले आहेत. हिरड्यांतून रक्त येणारा ‘शीताद’ त्यात आहे, दात काळा पडून पोखरला जाणारा ‘कृमिदंत’ त्यात आहे. ज्या समाजात दात किडतच नव्हते, त्या समाजातील वैद्याने किडलेल्या दातासाठी स्वतंत्र संज्ञा, लक्षणे आणि उपचार लिहून ठेवावेत, याचे कारण काय असावे? पूर्वजांचा गौरव करणाऱ्यांनी पूर्वजांचे ग्रंथ निदान उघडून तरी पाहावेत.

४/
दुसरा साक्षीदार भाषा. दात नसलेल्या तोंडाला मराठीत ‘बोळके’ हा खास घरगुती शब्द आहे. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण कुठल्या टूथपेस्टच्या जाहिरातीनंतर जन्मलेली नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘चर्पटपंजरिका’ स्तोत्रातला म्हातारा पिकल्या केसांचा आणि दंतहीन मुखाचा आहे. दात गळणे हे म्हातारपणाचे इतके सर्वमान्य लक्षण होते की स्तोत्रकाराला ते समजावून सांगावे लागले नाही. बत्तीस दातांसह जगाचा निरोप घेणारे पूर्वज शब्दांत, म्हणींत आणि स्तोत्रांत तरी भेटत नाहीत.

५/
ग्रंथ आणि म्हणी अपवादाचे वर्णन करीत असतील, असा आक्षेप येऊ शकतो. मग हाडांकडे वळावे. दातावरचे एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाडे कुजून जातात तिथेही दात टिकतात. शिवाय हाड आयुष्यभर स्वतःला नव्याने घडवत राहते. एनॅमल एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. दुधाच्या दातांचे एनॅमल गर्भात आणि पहिल्या वर्षाच्या आसपास घडते. त्या काळातली उपासमार किंवा आजारपण त्यावर खड्डा वा रेघ होऊन कायमचे नोंदले जाते. राजांच्या बखरी असतात. सामान्य माणसाच्या बाळपणाची बखर त्याच्या दातांत असते.

६/
ही बखर वाचण्याची शिस्त आहे. संशोधक किडलेले दात मोजतात. हयातीतच पडलेल्या दातांच्या जागी जबड्याचे हाड भरून आलेले असते, तेही मोजतात, कारण सर्वाधिक किडलेला दात बहुधा आधीच पडून गेलेला असतो. मग दातांची झीज पाहतात, मुळाशी झालेल्या गळवाच्या खुणा पाहतात, आणि मृत्यूच्या वेळचे वय विचारात घेतात. तिशीत गेलेल्या माणसाचे दात शाबूत असतील, तर त्याचे श्रेय काडीला देण्यापूर्वी त्याचे वय विचारावे लागते. ‘आमच्या पणजोबांचे सगळे दात होते’ या विधानामागे जे पणजोबा झालेच नाहीत त्यांची गणती नसते.

७/
भारतीय उपखंडातील पुरावा काय सांगतो? उत्तर प्रदेशातील प्रतापगढ परिसरात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा ही मध्याश्मयुगीन स्थळे आहेत. तिथली माणसे शिकार करीत, रानातले कंद-फळे गोळा करीत. त्यांच्या दातांत कीड फार विरळ आढळते. इथे दंतकथेचा पुरस्कर्ता खूश होईल. पण या लोकांच्या काडीविषयी कुणालाच काही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते त्यांचे अन्न : चावून चावून खावे लागणारे, तंतुमय, चिकट पिठापासून दूर. निरोगी दातांचे श्रेय द्यायचेच, तर पुरावा त्या अन्नाकडे बोट दाखवतो.

८/
आता बलुचिस्तानातील मेहरगढ. इथे शेती स्थिरावत होती. सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीच्या दफनांत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना मुद्दाम छिद्रे पाडलेली सापडली. २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. मणी भोसकणाऱ्या कारागिरांच्या गारगोटीच्या सामत्याने हे काम झाले असावे. छिद्रांच्या कडा पुढे चावण्याने झिजलेल्या आहेत, म्हणजे माणसे त्यानंतर जगली. काही दातांवर किडीच्या खुणाही आहेत. उपखंडाच्या कौशल्याचा अभिमान बाळगायचा असेल तर तो इथे बाळगावा. मात्र ज्याचे दात दुखतच नाहीत, तो आपल्या दाढेला गारगोटी लावून घेत नाही.

९/
पुढचा टप्पा हडप्पा. अमेरिकन दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी १९९२ मध्ये हडप्पाच्या दफनभूमीतील दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या दातांपैकी सुमारे ७ टक्के किडलेले होते. हयातीत पडलेले दात हिशेबात घेतले की प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर जाते. ज्यांच्या तोंडात निदान एक तरी किडका दात होता, अशा व्यक्ती ४० टक्क्यांहून अधिक होत्या. शिकारी समाजांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. गहू-जव दळून, शिजवून, मऊ करून खाणाऱ्या नागर समाजाने आपल्या समृद्धीची किंमत दाढांनी चुकवली. तेव्हा ना इंग्रज होते, ना टूथपेस्ट.

१०/
हडप्पाच्या दातांत आणखी एक गोष्ट उघड झाली : पुरुषांपेक्षा स्त्रियांचे दात अधिक किडलेले. शेतीकडे वळलेल्या अनेक समाजांत हाच फरक दिसतो. लुकाच यांनी याची सांगड केवळ स्वयंपाकघरातील वावराशी घातली नाही. शेतीबरोबर वाढलेली बाळंतपणे, गरोदरपणात लाळेत होणारे बदल आणि खाण्याच्या वेळांतला फरक यांकडेही लक्ष वेधले. दर बाळंतपणाला एक दात जातो, अशी समजूत अनेक समाजांत आहे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही, एवढा शास्त्रीय तपशील त्यात चुकलेला. निरीक्षण मात्र खरे. ‘पूर्वजांचे दात’ म्हणताना डोळ्यांसमोर मिशीवाला पूर्वज येतो, पूर्वजा येत नाही. आकडे मात्र तिच्याच तोंडातले अधिक बोलके आहेत.

११/
मग शेतीच खलनायक आहे का? इतकेही सोपे नाही. मोरोक्कोतील ताफोराल्त गुहेत सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या, शेतीच्या कितीतरी आधीच्या, माणसांचे अवशेष सापडले. प्रौढांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले होते आणि बावन्न प्रौढांपैकी फक्त तिघांच्या तोंडात कीड नव्हती. कारण? ते गोडसर ओकफळे आणि चिलगोज्यासारख्या बिया मोठ्या प्रमाणावर गोळा करून साठवत आणि खात. शिजवलेल्या ओकफळांचा पिठूळ, चिकट लगदा दातांवर बसत असे. म्हणजे ‘शेती’ वा ‘सभ्यता’ या मोठ्या शब्दांपेक्षा अन्नाचा प्रकार निर्णायक ठरतो. आंबू शकणारे पिष्ट वा साखर, तिचा चिकटपणा आणि खाण्याची वारंवारता, या तीन गोष्टी सर्वत्र सापडतात.

१२/
महाराष्ट्राचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची दीड दशके इथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची नावे. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. जव हे मुख्य पीक, जोडीला कडधान्ये, बोरे, गुरे-शेळ्या आणि शिकार. गेलेली लहान मुले दोन रांजणसदृश मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरली जात. मराठी मुलखातील सर्वांत जुन्या ज्ञात शेतकरी बाळपणांपैकी एक त्या मडक्यांत जपले गेले.

१३/
लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी या मुलांचे दुधाचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांच्या दर्शनी भागावर छोटे खोलगट खड्डे अनेक मुलांत आढळले. अशा खड्ड्यांची सांगड जन्माच्या आगेमागे झालेल्या कुपोषणाशी आणि शारीरिक ताणाशी घातली जाते. दातवणाने तो खड्डा टळला नसता, ब्रशनेही नाही. ज्या बाळाला अजून एकही दात उगवलेला नाही, त्याच्या हिरडीखाली आईच्या पोटातली उपासमार दातावर कोरली जात होती. अन्न आणि दात यांचे नाते केवळ किडीपुरते नाही. जास्त साखरेने दात पोखरतो. कमी अन्नाने तो घडतानाच अधू होतो.

१४/
हे घडते कसे? पूर्वी बहुतेक संस्कृतींत समजूत होती की दातात अळी शिरते. आपल्याकडचे ‘कृमिदंत’ हे नाव त्याचेच. १७२८ मध्ये फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी अळीची कल्पना नाकारली आणि साखरेवर बोट ठेवले. १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी दाखवले की तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात विरघळवते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरातील आम्लता वाढते आणि लाळ ती हळूहळू, अर्ध्या तासाच्या आसपास, पूर्ववत करते. दिवसातून दोनदा खाणाऱ्याला दोन हल्ले. दहा वेळा गोड तोंडात टाकणाऱ्याला दहा.

१५/
मग दातवण निरर्थक होते का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चरकाने दिवसातून दोनदा दंतधावन सांगितले आहे. सुश्रुताने काडीची लांबी बारा अंगुळे दिली आहे. कडू काड्यांत निंब आणि तुरट काड्यांत खैर श्रेष्ठ म्हटला आहे. चघळून केलेला कुंचला दातांवरचा थर काढतो, हिरड्यांना उपयोगी पडतो. ही शहाणी सवय होती. पण ती ज्या ताटाबरोबर होती त्या ताटात रोज दहा वेळा साखर नव्हती. दगडावर दळलेल्या पिठातली कच दाढांच्या खाचा झिजवून टाकी, त्यामुळे कीड धरायला जागा कमी उरे. मात्र अति झिजेने दाढेचा गाभा उघडा पडून गळूही होई. काडीला जे श्रेय मिळते त्यातले बरेचसे अशा अन्नाचे आहे.

१६/
आणि परंपरा म्हटली की ती आरोग्यदायीच, हा समज सोडायचा असेल तर मशेरी आठवावी. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड महाराष्ट्रात, विशेषतः बायकांत, पिढ्यान्‌पिढ्या दात घासायला वापरली गेली. ‘दात घट्ट होतात’, ‘भूक मारते’ ही तिची ख्याती. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे ही ‘प्राचीन’ सवयही चार-पाच शतकांहून जुनी नाही. तिचा शेवट अनेकींच्या तोंडाच्या कर्करोगात झाला. भूक मारण्यासाठी दातांना तंबाखू लावावी लागणे, यात आहार आणि मुखारोग्य यांचे जे नाते दिसते ते कुठल्याही अभिमानाच्या चित्रात येत नाही.

१७/
आता आरोपीकडे. साखर परकी नाही. उसाच्या रसापासून दाणेदार साखर बनवण्याची विद्या भारतानेच जगाला दिली. इंग्रजीतला ‘शुगर’ हा शब्द ‘शर्करा’पासून आणि ‘कँडी’ हा ‘खंड’पासून फिरत फिरत गेला. पण शतकानुशतके ती महाग होती : औषधात, नैवेद्यात, सणात, श्रीमंताच्या ताटात. महागाई हेच दातांचे कवच होते. सोळाव्या शतकानंतर अटलांटिकपारच्या मळ्यांत आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर साखर स्वस्त होऊ लागली, आणि ते कवच आधी युरोपात फुटले.

१८/
जर्मन प्रवासी पॉल हेंट्झनर याने १५९८ मध्ये ग्रीनिच येथे राणी पहिली एलिझाबेथ हिला पाहिले. तिचे दात काळे पडल्याची नोंद त्याने केली आणि इंग्रजांच्या अति साखरप्रेमाला दोष दिला. तेव्हा किडके दात हे ऐश्वर्याचे लक्षण होते. पुढे ते सर्वांना परवडू लागले. ब्रिटनमध्ये १८०० च्या सुमारास माणशी वर्षाला सुमारे ८ किलो साखर खपत असे. शतकाअखेर तो आकडा ४० किलोंच्या आसपास गेला. १८७४ मध्ये साखरेवरचा आयातकर पूर्ण रद्द झाला. साखर घातलेला चहा आणि जॅम-पाव हे कामगाराचे जेवण बनले : स्वस्त, झटपट, पोट भरल्यासारखे वाटणारे.

१९/
परिणाम दफनभूमींत मोजता येतो. ब्रिटिश कवट्यांच्या क्रमवार अभ्यासात मध्ययुगापर्यंत किडीचे प्रमाण माफक दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते झपाट्याने चढते आणि किडीची जागाही बदलते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटनला धक्का बसला : सैन्यभरतीला आलेले अनेक तरुण केवळ दात खराब म्हणून नाकारावे लागले. ‘इंग्रजांनी आपले दात किडवले’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. साम्राज्याने आपल्या कामगारांची तोंडे सर्वांत आधी किडवली, आणि त्या साखरेसाठी गुलामांचे आयुष्य त्याआधीच चिरडले.

२०/
भारतात स्वस्त पांढरी साखर आधी मॉरिशस आणि जावाहून आली. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशी कारखाने काही वर्षांत अनेक पटींनी वाढले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ती शेतकऱ्याच्या स्वावलंबनाची मोठी घटना होती आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. दरम्यान चहा व्यवसायाच्या प्रचारमंडळींनी गावोगावी फुकट चहा पाजून सवय लावली होती. गोड चहा दिवसातून तीनदा, चारदा. म्हणजे दातांवरची साखर स्वदेशीही होती, आवडीचीही होती. इंग्रजाकडे बोट दाखवून ती कपातून नाहीशी होत नाही.

२१/
साखरच निर्णायक, याचा सर्वांत मोठा पुरावा कुणी न ठरवता मिळाला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमध्ये साखर तुटपुंजी झाली आणि शाळकरी मुलांच्या दातांतली कीड लक्षणीय घटली. जपानमध्ये युद्धापूर्वी माणशी वर्षाला सुमारे १५ किलो असलेला खप १९४६ मध्ये जवळजवळ शून्यावर आला. कीड खाली आली. शांतता झाली, साखर परतली, कीडही परतली. या वर्षांत या देशांत दात घासण्याची कुठली क्रांती झाली नव्हती. ताटातून एकच गोष्ट गेली आणि पुन्हा आली. दातांनी दोन्ही वेळा तिची नोंद घेतली.

२२/
तरी शंका उरली, म्हणून स्वीडनमध्ये प्रयोग झाला, आणि तो विज्ञानाच्या इतिहासातला लाजिरवाणा प्रसंग आहे. लुंड शहरातील व्हिपेहोल्म संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना, त्यांची संमती न घेता, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या गेल्या. निधी देणाऱ्यांत मिठाई उद्योगही होता. अनेकांचे दात नष्ट झाले. १९५४ मध्ये निष्कर्ष छापला गेला : जेवणासोबतच्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधली, दाताला चिकटून राहणारी साखर कितीतरी घातक. ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हते, त्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे आहे. ते विसरले गेले तर तो अन्याय दुसऱ्यांदा होईल.

२३/
आणि ते विसरवण्याचा प्रयत्न झाला. २०१५ मध्ये क्रिस्टिन कर्न्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी साखर उद्योगाची १९५९ ते १९७१ या काळातली अंतर्गत कागदपत्रे अभ्यासून प्रसिद्ध केली. साखर दात किडवते हे उद्योगाला ठाऊक होते. पण ‘साखर कमी खा’ हा सल्ला टळावा म्हणून त्याने संशोधनाचा रोख दातांवरचा थर विरघळवणारी विकरे आणि किडीविरुद्धची लस यांकडे वळवला. १९७१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय दंतक्षय कार्यक्रम आला. त्याच्या पहिल्या संशोधन-आवाहनात उद्योगाने सुचवलेल्या मजकुरापैकी ७८ टक्के भाग समाविष्ट होता. साखर आहे तशीच राहू द्या, उपाय दातावर शोधा, हे ते धोरण. काडी आणि ब्रश यांच्या वादाला नकळत हेच धोरण लाभते.

२४/
इथे दुसऱ्या दंतकथेचाही समाचार घ्यावा लागतो. ती आधुनिक आहे. दात किडले? मग मुलाने नीट घासले नाहीत, आईने लक्ष दिले नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने कीड खरोखर कमी होते, १९७० नंतर श्रीमंत देशांत झालेल्या घटीत तिचा वाटा मोठा आहे, आणि ‘रसायन’ म्हणून तिला नाके मुरडणे हे अज्ञान आहे. पण टूथपेस्ट ही ढाल आहे, तह नव्हे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा सर्वत्र मिळावा, फळ मात्र महाग असावे, आणि मग किडलेल्या दाढेचा दोष मजूर आईच्या माथी मारावा, हा न्याय नव्हे. बोअर युद्धाच्या काळातही गरीब मातांनाच बोल लावला गेला होता.

२५/
‘साखर वाईट, पण गूळ आणि मध चालतात’ हा पुढचा आसरा. गुळात मुख्यतः तीच शर्करा असते. तोंडातल्या जंतूला तिचा रंग दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मध आणि फळांचे रसही मुक्त शर्करेत मोजले आहेत, आणि त्यांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवावी असे सांगितले आहे. सणाला पुरणपोळी खाल्ल्याने दात जात नाहीत. रोज दर दोन तासांनी काहीतरी गोड तोंडात असण्याने जातात. जुन्या ताटाचे शहाणपण शोधायचे असेल तर ते जेवणांमधल्या मोकळ्या वेळेत आहे.

२६/
हे नाते उलट दिशेनेही चालते. दात गेलेला माणूस भाकरी, मूग-मटकी, काकडी, शेंगदाणे टाळतो. मऊ भात, चहात बुडवलेले बिस्किट, पातळ कढण यांवर येतो. प्रथिने घटतात, तंतू घटतात, आणि मऊ-गोड अन्न उरलेले दातही नेते. दाढ दुखणारे मूल जेवत नाही, झोपत नाही, वाढत नाही. चण्यांची म्हण विनोदासाठी वापरली जाते; तिच्या पोटात कुपोषणाचे वर्णन आहे. इनामगावच्या बाळाचे दात अन्नाअभावी अधू झाले. आजच्या बाळाच्या अंगावर पोषणाचा अभाव आणि तोंडात स्वस्त साखर, अशी दोन्ही संकटे एकदम येतात. असे दुहेरी संकट इनामगावला ठाऊक नव्हते.

२७/
पूर्वजांचा आदर त्यांना निरोगी ठरवून होत नाही. मेहरगढला त्यांनी दुखरी दाढ भोसकून घेतली, हडप्पाला बायकांनी किडक्या दाढांनी जेवण केले, सुश्रुताच्या परंपरेने ६५ रोग मोजून ठेवले, इनामगावला आईबापांनी बाळ घराच्या जमिनीखाली, आपल्याजवळ ठेवले. त्यांनी दुःख लपवले नाही. दातांनी तर लपवूच दिले नाही. पुढच्या वेळी ते काडी-नळीचे चित्र आले, तर पुढे पाठवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : यात ताट कुठे आहे? आजच्या मुलांचे दातही हजार वर्षांनी कुणीतरी मोजेल. त्यांना काय खायला मिळाले आणि काय विकले गेले, हे त्या दातांवर लिहिलेले असेल.

(धागा समाप्त)